पान, लाकूड आणि परागकण : नाहीसे झालेले अरण्य पुन्हा कसे उभे केले जाते

प्राचीन अरण्याचे चित्र आपण पाठ्यपुस्तकात किंवा संग्रहालयाच्या भिंतीवर पाहतो तेव्हा ते एकसंध दिसते. उंच वृक्ष, त्यांच्या सावलीत नेचे, मधून वाहणारा ओढा आणि ओढ्याकाठची दलदल असे सारे त्यात जागच्या जागी असते. असे अरण्य मात्र कोणत्याही अभ्यासकाच्या हाती आयते लागत नाही. त्याला मिळते ते एखादे फाटके पान, बुंध्याचा हातभर तुकडा, कुठले तरी बी आणि सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे परागकण. ही सामग्री बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या थरांत सापडते. ती एकाच झाडाची आहे की चार झाडांची, हे सुरुवातीला कुणालाच ठाऊक नसते. तिच्यातून अरण्य उभे करायचे तर दोन प्रश्न सतत विचारावे लागतात : जे हाती आले ते कोणत्या वाटेने आले, आणि जे हाती आले नाही ते का आले नाही. पुरावनस्पतिशास्त्राची, म्हणजे जीवाश्मांवरून जुन्या वनस्पतींचा शोध घेणाऱ्या शास्त्राची, खरी कसोटी या दुसऱ्या प्रश्नात लागते असे मला वाटते, आणि चित्र पाहणाऱ्याला नेमका तोच प्रश्न दिसत नाही.

गोव्यात राहणाऱ्याला या विषयात एक अडचण आहे आणि एक सोय. अडचण अशी की गोव्यातील बहुतांश खडक सुमारे २५० कोटी वर्षांचे किंवा त्याहून जुने आहेत, तर जमिनीवर वनस्पती असल्याचा सर्वांत जुना पुरावा, म्हणजे त्यांचे बीजाणू, सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. डिचोली किंवा सांगे तालुक्यातील लोहखनिजाची खाण कितीही खोल गेली तरी त्या मूळ खडकात पानाचा ठसा सापडणार नाही, कारण तो खडक घडला तेव्हा पृथ्वीवर पानच नव्हते. वरचा जांभा वयाने पुष्कळ अलीकडचा आहे. पण मूळ खडक पावसाने लक्षावधी वर्षे धुऊन निघाल्यावर मागे राहिलेल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांचा तो बनलेला असल्यामुळे पानातला कार्बन त्यात टिकत नाही. त्यामुळे चिरेखाणीतही फारशी आशा धरता येत नाही.

सोय अशी की सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतचे अंतर इथे जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर आहे. सदाहरित जंगल, मोसमी पानझडीचे जंगल, नदी, खाजन (खाडीकाठी बांध घालून काढलेली शेतजमीन), खारफुटी आणि समुद्रतळाचा गाळ हे सारे एका पट्ट्यात सापडते. पान झाडावरून सुटल्यापासून गाळात गाडले जाईपर्यंत त्याचे काय होते, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा शोधूनही मिळणार नाही.

गळालेल्या पानाचा प्रवास

सत्तरीच्या जंगलात माघ-फाल्गुनात गळालेले पान बहुतेक वेळा जिथे पडते तिथेच संपते. वाळवी, बुरशी आणि जमिनीतील किडे त्याचा फडशा पाडतात, आणि उरलेसुरले पहिल्या पावसात कुजून मातीत मिसळते. ओढ्यात पडलेले पान म्हादईकडे निघते खरे, पण दगडांवर आपटून त्याच्या चिंध्या होतात. जीवाश्म होण्यासाठी पानाला तीन गोष्टी एकदम मिळाव्या लागतात : संथ पाणी, बारीक गाळ आणि प्राणवायूचा अभाव. बांबर गावातील निरंकाराच्या राईसारख्या रानजायफळाच्या दलदलीत अशी स्थिती काही प्रमाणात असते. तिथे पाणी साचून राहते, झाडांची मुळे श्वास घेण्यासाठी गुडघ्यासारखी चिखलावर येतात, आणि मुळांनाच जिथे हवेसाठी वर यावे लागते तिथे चिखलात बुडालेले पान कुजवणाऱ्या जिवाणूंनाही प्राणवायू कमी पडतो. म्हणूनच जगभरातील पानांचे चांगले जीवाश्म प्रामुख्याने दलदलीच्या, तळ्यांच्या, नदीने सोडून दिलेल्या वळणांच्या आणि खाडीच्या गाळात सापडतात. डोंगरमाथ्यावरचे जंगल जीवाश्मांच्या नोंदीत जवळजवळ नसतेच.

याचा परिणाम दूरवर जातो. बहुतेक पाने झाडाच्या उंचीइतक्याच अंतरात जमिनीवर येतात, त्यामुळे गाळात सापडलेली पाने पाण्याच्या अगदी काठावरच्या झाडांची असतात. त्यातही जाड, चिवट पान टिकते आणि पातळ पान विरून जाते. झाडाच्या शेंड्याची उन्हात वाढलेली पाने लहान, जाड आणि वाऱ्याने सहज उडणारी असल्यामुळे ती गाळापर्यंत अधिक संख्येने पोहोचतात, तर सावलीतली रुंद, नाजूक पाने कमी. जमिनीलगतच्या मऊ खोडाच्या रोपट्यांची आणि गवतवर्गीय वनस्पतींची पाने बहुधा गळतच नाहीत. ती जागीच सुकतात. एखाद्या थरात दहा जातींची पाने सापडली, तर त्या अरण्यात दहाच जाती होत्या असे म्हणणे चुकीचे ठरते. पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या, चिवट पानांच्या, पाने गाळणाऱ्या दहा जाती तिथे होत्या, एवढेच ठामपणे म्हणता येते.

परागकणांची अडचण वेगळी आहे. ते साधारण १० ते १०० मायक्रॉन आकाराचे असतात, म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत, आणि त्यांचे बाह्य कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अत्यंत टिकाऊ पदार्थाचे असते. वाऱ्याने आणि पाण्याने ते दूर जातात. त्यामुळे पान एका काठाची साक्ष देते, तर परागकण संपूर्ण खोऱ्याची. पण प्रत्येक झाड सारखेच परागकण उधळत नाही. आपल्या खाडीतलेच उदाहरण घ्या. कांदळाचे परागकण वाऱ्याने पसरतात आणि ते विपुल असतात. तिवराची फुले कीटकांवर अवलंबून असल्यामुळे त्याचे परागकण तुलनेने थोडे असतात. चोडणच्या खारफुटीत दोन्ही झाडे बरोबरीने उभी असली तरी तळाच्या गाळातील परागकण मोजणाऱ्याला कांदळाचेच रान दिसेल. हे ठाऊक असलेला अभ्यासक तिवराचे थोडे कण सापडले तरी त्यांना अधिक वजन देतो. असे वजन किती द्यायचे हे ठरवण्यासाठी आजच्या जंगलातील झाडे मोजतात, तिथल्याच पृष्ठभागावरच्या चिखलातील परागकण मोजतात आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहतात. या कामाला प्रसिद्धी मिळत नाही, पण ते झाले नसेल तर पुढची सारी आकडेमोड अधांतरी राहते.

एका झाडाची पाच नावे

पान, खोड, मूळ, फळ आणि परागकण सुटे सापडत असल्यामुळे पुरावनस्पतिशास्त्रात प्रत्येक अवयवाला स्वतंत्र नाव देण्याची पद्धत आहे. नवख्या वाचकाचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. युरोप आणि अमेरिकेच्या दगडी कोळशात सापडणारा, तीस मीटरहून उंच वाढणारा एक वृक्ष घ्या. त्याच्या खवल्यांची नक्षी असलेल्या खोडाला लेपिडोडेंड्रॉन म्हणतात, मुळांना स्टिग्मारिया, पानांना लेपिडोफिलॉइडिस, शंकूला लेपिडोस्ट्रोबस आणि बीजाणूंना लायकोस्पोरा. ही पाच झाडे नव्हेत. पण स्टिग्मारिया प्रकारची मुळे एकाहून अधिक जातींच्या वृक्षांना होती, त्यामुळे नावे एकत्र करून टाकणेही धोक्याचे असते. नाव वेगळे ठेवले की निदान एवढे स्पष्ट राहते की हे मूळ नेमक्या कोणत्या खोडाचे, याचा निर्णय अजून झालेला नाही.

निर्णय होतो तो तीन प्रकारच्या पुराव्यांनी, आणि त्यांचे बळ सारखे नसते. दोन अवयव प्रत्यक्ष जोडलेले सापडले तर प्रश्नच मिटतो. तसे झाले नाही तर पेशींच्या रचनेतील साम्य पाहतात; पानावरची पर्णरंध्रे आणि फळाच्या सालीवरची पर्णरंध्रे एकाच धाटणीची असतील तर दोन्ही एका झाडाची असण्याचा संभव पुष्कळ वाढतो. हेही नसेल तर तेच पान आणि तेच बी अनेक ठिकाणी एकत्र सापडते का, एवढेच पाहायचे उरते. हा तिसरा पुरावा सर्वांत दुबळा आहे, कारण शेजारी वाढणारी दोन झाडेही कायम एकत्रच सापडतील.

प्रत्यक्ष जोडणीचा पुरावा कसा सारे समज उलटवतो याचे उत्तम उदाहरण १९६० सालचे आहे. त्याआधी आर्किऑप्टेरिस नावाची नेच्यासारखी पर्णे आणि कॅलिझायलॉन नावाचे, सूचिपर्णी वृक्षांसारख्या लाकडाचे खोड, या दोन पूर्णपणे वेगळ्या वनस्पती मानल्या जात. चार्ल्स बेक या अमेरिकी अभ्यासकाला ते खोड आणि ती पर्णे एकमेकांना जोडलेल्या अवस्थेत मिळाली. म्हणजे नेच्याप्रमाणे बीजाणूंनी प्रजनन करणारे, पण सूचिपर्णी वृक्षासारखे भक्कम लाकूड असणारे झाड एके काळी अस्तित्वात होते. आज असे एकही झाड जिवंत नाही, त्यामुळे आजच्या झाडांवरून अंदाज बांधणाऱ्याला ते कधीच सुचले नसते.

न्यूयॉर्क राज्यातील गिल्बोआ येथे हीच गोष्ट फार सावकाश घडली. १८७० च्या सुमारास आलेल्या पुराने तिथे वृक्षांचे दगड झालेले खुंट उघडे पडले. सुमारे ३८ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचे ते खुंट मुळांसह जागच्या जागी उभे होते, पण वरचे झाड कसे होते हे कळायला मार्ग नव्हता. त्या खुंटावर बसणारा शेंडा सापडून त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले ते २००७ साली. किमान आठ मीटर उंच, माडासारखा सरळ बुंधा, वर फांद्यांचा झुपका आणि सपाट पाने मुळीच नाहीत, असे ते झाड निघाले. मधल्या जवळजवळ दीड शतकात त्या अरण्याची जी चित्रे काढली गेली, त्यांतील खुंट खरे होते आणि वरचा भाग तर्काने काढलेला होता.

भारतात हे काम बिरबल साहनी यांनी केले. राजमहाल टेकड्यांतील खडकांत सापडलेली बकलँडिया नावाची खोडे, टायलोफायलम नावाची पाने आणि विल्यमसोनिया नावाची फुलासारखी इंद्रिये एकाच वनस्पतीची आहेत हे त्यांनी दाखवून दिले आणि १९३२ मध्ये तिची संपूर्ण आकृती मांडली. त्यांनी १९४६ मध्ये लखनौला स्थापन केलेली संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि भारतातील या विषयाचे ते प्रमुख केंद्र आहे.

छिंदवाड्याच्या दगडातील खाडी

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा जीवाश्मांचा खजिना दख्खनच्या बेसाल्टमध्ये आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकामागून एक पसरत होते. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात त्या थरांवर तळी साचली, झाडे वाढली, आणि पुढच्या लाव्ह्याखाली तो गाळ गाडला गेला. हे आंतरट्रॅपीय थर नागपूर, वर्धा आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा, दिंडोरी या भागांत विशेष समृद्ध आहेत. नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिथली जीवाश्म फळे आणि बिया गोळा करायला सुरुवात केली. दिंडोरी जिल्ह्यातील घुघवा येथे तर जीवाश्म वृक्षांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय उद्यान आहे.

छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ इथले जीवाश्म चर्ट नावाच्या कठीण दगडात आहेत. पाण्यात विरघळलेली सिलिका वनस्पतीच्या पेशींत शिरून घट्ट झाल्यामुळे पेशींच्या भिंती जिथल्या तिथे टिकून राहिल्या. अशा दगडाचा अभ्यास ज्या पद्धतीने होतो ती मला या संपूर्ण शास्त्रातील सर्वांत सुंदर कृती वाटते. हिऱ्याच्या करवतीने दगड कापतात, कापलेला पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात आणि काही काळ हायड्रोफ्लुओरिक आम्लात धरतात. हे आम्ल अतिशय घातक असल्यामुळे पुरेशी काळजी घेऊनच ते वापरावे लागते. आम्ल सिलिका किंचित खाते, पण पेशींच्या भिंतींतील कार्बनला हात लावत नाही. त्यामुळे त्या भिंती पृष्ठभागावर केसापेक्षाही कमी उंचीने उभ्या राहतात. दगड धुऊन सुकवला की त्यावर ॲसिटोन ओततात आणि सेल्युलोज ॲसिटेटची पातळ, पारदर्शक फिल्म अंथरतात. ॲसिटोनने मऊ झालेली फिल्म त्या भिंतींभोवती बसते आणि सुकल्यावर अलगद सोलून काढली की पेशींचा संपूर्ण छेद तिच्यात अडकून येतो. मग दगड पुन्हा घासायचा, पुन्हा आम्ल, पुन्हा फिल्म. अशा अनेक साली क्रमाने पाहत गेले की एखाद्या फळात बियांचे कप्पे किती होते, बी कुठे चिकटलेले होते आणि देठातील वाहिन्या कोणत्या दिशेने वळत होत्या, हे सारे उलगडत जाते.

मोहगाव कलाँच्या चर्टमध्ये निपा या पामचे फळ सापडले आहे. निपा भरती-ओहोटीच्या चिखलात वाढतो. भारतात तो आज सुंदरबन आणि अंदमान-निकोबारकडे आढळतो. आपल्या मांडवी-झुआरीच्या खाडीत तो नैसर्गिकरीत्या नाही. समुद्रापासून आज शेकडो किलोमीटर आत असलेल्या छिंदवाड्यात निपाचे फळ कसे आले, याचे साहनींनी काढलेले अनुमान असे होते, की त्या काळी समुद्राची एखादी शाखा किंवा खाडी तिथपर्यंत पोहोचली असावी.

इथे पानाच्या प्रवासाचा विचार पुन्हा करावा लागतो. निपाचे फळ पाण्यावर तरंगते आणि दूर वाहत जाते, त्यामुळे एकट्या फळावरून तिथेच खाडी होती असे म्हणता येत नाही. फळ प्रवास करते, मूळ करत नाही. नागपूरच्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञ श्यामला चितळे, ज्या पुढे अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात गेल्या, त्यांनी मोहगाव कलाँच्या दगडातून चिपीच्या कुळाशी साम्य असलेल्या मुळाचे वर्णन केले. चिपी म्हणजे आपल्या खाड्यांच्या काठी चिखलातून टोकदार श्वसनमुळे वर काढणारे झाड. असे मूळ सापडल्याने खाडीच्या अनुमानाला बळ आले. दुसरीकडे त्याच परिसरातील चर्टमध्ये ॲझोला हा गोड्या पाण्यावर तरंगणारा नेचाही सापडला आहे, आणि अन्य आंतरट्रॅपीय थरांत गोड्या पाण्यातील शंखही मिळतात. गोड्या पाण्याची तळी आणि खाऱ्या पाण्याचा शिरकाव यांची सांगड कशी घालायची, यावर मतभेद आहेत. चित्र काढणाऱ्याने इथे तळे दाखवायचे की खाडी, हा प्रश्न चित्रकलेचा नाही. एका फळाला आणि एका मुळाला किती वजन द्यायचे याचा आहे.

पानाच्या कडेवरून तापमान

झाडे ओळखता आली नाहीत तरी पानांच्या आकारावरून हवामान सांगता येते. बेली आणि सिनॉट या दोन अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१५ च्या सुमारास दाखवून दिले, की उष्ण प्रदेशांतील वृक्षांच्या पानांच्या कडा बहुतांशी अखंड असतात, तर थंड प्रदेशांत दातेरी कडांचे प्रमाण वाढते. आपल्या आसपास पाहिले तरी हे पटते. आंबा, फणस, काजू, जांभूळ, ओवळ, उंडी या सर्वांच्या पानांच्या कडा अखंड असतात. पूर्व आशियातील जंगलांच्या नोंदींवरून तयार झालेल्या एका सूत्रानुसार अखंड कडांच्या जातींचे प्रमाण शेकडा ३ ने वाढले की वर्षाचे सरासरी तापमान जवळजवळ १ अंश सेल्सिअसने वाढलेले असते. पाने मोजायची नसतात, जाती मोजायच्या असतात, आणि जाती पुरेशा असल्याशिवाय उत्तराला अर्थ नसतो. शिवाय नदीकाठच्या झाडांत दातेरी पानांचे प्रमाण अधिक असते, आणि जीवाश्म तर नदीकाठचेच मिळतात. त्यामुळे या पद्धतीने काढलेले तापमान खऱ्यापेक्षा कमी निघण्याचा संभव असतो.

पर्णरंध्रांवरून हवेतील कार्बन डायऑक्साइडचा अंदाज घेता येतो. वुडवर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८७ मध्ये जुन्या वनस्पतिसंग्रहांतील वाळवलेली पाने तपासली, तेव्हा सुमारे दोनशे वर्षांत पर्णरंध्रांची घनता जवळजवळ ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हवेत हा वायू वाढला की झाडाला कमी रंध्रे पुरतात. लाकडातील वर्तुळे ऋतू सांगतात. सागाला कोरडा काळ सोसावा लागतो म्हणून त्याच्या लाकडात ती स्पष्ट दिसतात, तर बारमाही ओलाव्यात वाढणाऱ्या अनेक झाडांत ती अस्पष्ट असतात किंवा नसतातच. चंद्रपूरकडचा दगडी कोळसा ज्या ग्लॉसॉप्टेरिस वृक्षांपासून झाला, त्यांच्या लाकडात ठळक वर्तुळे आहेत आणि त्यांची जिभेच्या आकाराची पाने थरांत चटईसारखी दाट पसरलेली सापडतात. त्यावरून ती झाडे ठरावीक ऋतूत एकदम पाने गाळत असावीत, असे अनुमान अनेकांनी काढले आहे.

अरण्याची घडण

झाडांची यादी आणि हवामान मिळाले तरी अरण्य कसे दिसत होते हे कळत नाही. झाडे दाट होती की विरळ, जमिनीवर ऊन पोहोचत होते की नव्हते, यासाठी झाडे जागच्या जागी गाडली गेलेली असावी लागतात. चीनमधील वुडा येथे सुमारे २९ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख पडून एक दलदलीचे अरण्य थोड्या काळात झाकले गेले. तिथे कोळशाच्या खाणकामामुळे उघड्या पडलेल्या एक हजार चौरस मीटरहून अधिक क्षेत्राचा अभ्यास करून, कोणते झाड कुठे उभे होते याचा नकाशा तयार करण्यात आला आणि २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अशा जागेचे चित्र काढताना झाडांची जागा तर्काने ठरवावी लागत नाही. पण अशा जागा फार थोड्या आहेत.

त्या नसतील तर काय करायचे, याचे मला सर्वांत प्रभावी वाटलेले उत्तर कोलंबियातील जीवाश्मांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यात परागकणांच्या ५० हजारांहून अधिक आणि पानांच्या ६ हजारांहून अधिक जीवाश्मांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दाट जंगलात शेंड्यावरच्या उन्हातल्या पानांत शिरांचे जाळे घनदाट असते आणि खालच्या सावलीतल्या पानांत विरळ. म्हणून एकाच थरातील पानांच्या शिरांमध्ये मोठी तफावत दिसली तर वर दाट छत होते असे म्हणता येते, आणि तफावत नसेल तर ऊन सर्वत्र पोहोचत होते. डायनासोरांच्या अखेरच्या काळातील थरांत ही तफावत अल्प निघाली. त्या अरण्यात सूचिपर्णी वृक्ष, नेचे आणि सपुष्प वनस्पती विरळपणे एकत्र वाढत होत्या. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उल्कापातानंतरच्या थरांत पानांच्या शिरांमधील ही तफावत मोठी झाली. आज आपण ज्याला वर्षावन म्हणतो ते सपुष्प वृक्षांचे बंद छताचे अरण्य तिथे त्या संहारानंतर उभे राहिले, आणि वनस्पतींची विविधता पूर्वपदावर यायला सुमारे ६० लाख वर्षे लागली. सावली स्वतः जीवाश्म होत नाही. शिरांच्या जाळ्यावरून ती ओळखता येते, हे या अभ्यासाने दाखवले.

आपल्या समुद्रातला गाळ

गोव्याच्या शेजारी, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत, जांभ्याच्या खाली काही ठिकाणी काळसर चिकणमातीचे आणि लिग्नाइटचे, म्हणजे कच्च्या कोळशाचे, थर आहेत. त्यांना सिंधुदुर्ग फॉर्मेशन म्हणतात, आणि त्यांतील परागकण, बीजाणू व बुरशीच्या अवशेषांवरून त्यांचा काळ सामान्यतः मायोसीन, म्हणजे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा, मानला जातो. वरच्या जांभ्यात काही टिकले नाही, पण त्याच्या खालच्या हवाबंद मातीत टिकले.

याहून अलीकडचा आणि अधिक सलग इतिहास समुद्रतळाशी आहे, कारण नद्यांनी वाहून नेलेले परागकण तिथे वर्षानुवर्षे थर धरून बसतात. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र या गोव्यातील दोन्ही संस्था अरबी समुद्राच्या गाळाचा अभ्यास करतात. २०१५ साली झालेल्या ३५५ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय सागरी वेधन मोहिमेत अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात दोन ठिकाणी समुद्रतळाखाली ११०० मीटरहून खोल वेधन करण्यात आले. तिच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक वास्कोच्या केंद्रातील होते. अशा गाळाचा नमुना प्रयोगशाळेत आला की आम्लांनी त्यातील चुना आणि सिलिका काढून टाकतात, आणि सुरुवातीलाच मोजून घातलेले लायकोपोडियम या बीजाणूधारी वनस्पतीचे परके बीजाणू मोजणीत किती भेटले यावरून मूळ परागकणांची संख्या काढतात. परागकणांबरोबर पानांवरच्या मेणाचे रेणूही गाळात टिकतात, आणि त्यांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) ते झाडांचे की उष्ण प्रदेशातील गवतांचे, हे ओळखता येते.

कारवारसमोरच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळावरचा एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. कारवार म्हणजे काणकोणच्या पलीकडे, काळी नदीच्या मुखाशी. तिथला सह्याद्री आणि आपला सह्याद्री एकच. सुमारे ३५०० वर्षांपूर्वीपासून तिथले हवामान पूर्वीपेक्षा कमी आर्द्र झाले, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. परागकणांत आणि कार्बनच्या समस्थानिकांत जंगलाचा वाटा घटला आणि मोकळ्या, गवताळ वनस्पतींचा वाटा वाढला.

हा काळ माणसाचाही असल्यामुळे अशा आलेखाकडे पाहताना आणखी एक शंका घ्यावीच लागते. पाऊस कमी झाला तरी जंगल आक्रसते आणि कुमेरी शेतीसाठी डोंगर जाळला तरी आक्रसते. खाडीत गोडे पाणी कमी आले तरी खारफुटी घटते आणि बांध घालून खाजन काढले तरी घटते. नुसत्या परागकणांच्या टक्केवारीतून या दोन कारणांचा निवाडा होत नाही. त्यासाठी त्याच थरातील कोळशाचे सूक्ष्म कण मोजतात, कारण त्यांतून आगीची वारंवारता कळते. शेतीचा शोध घ्यायचा तर भाताचे परागकण उपयोगी पडत नाहीत. ते रानगवतांच्या परागकणांहून वेगळे काढणे फार कठीण असते. मात्र भाताच्या पानांत आणि तुसांत सिलिकेचे विशिष्ट आकाराचे सूक्ष्म कण तयार होतात, आणि पान कुजून गेले, तूस जळून गेले, तरी ते गाळात शिल्लक राहतात. जंगल घटल्याच्या थरात हे कण एकाएकी वाढलेले दिसले, तर तो बदल निव्वळ पावसाच्या माथी मारता येत नाही.